पार्किंगमधलं घर

चैताली पगारेचं घर नकाशात नव्हतं. हे 'गोदाई प्राइड'मधल्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिलाही. भामरे बिल्डरने मंजूर नकाशात पार्किंग दाखवलं आणि त्याच्या एका कोपऱ्याला भिंती घालून दोन खोल्यांचा फ्लॅट म्हणून तो विकून टाकला. चैतालीने घेतला, कारण तळमजला होता. वडील धोंडीराम नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले आणि पाठोपाठ त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जिने संपले, ऐकू कमी येऊ लागलं, समज अर्धीमुर्धी राहिली. भिंत धरून संडासापर्यंत जाता येईल असं परवडणारं घर शहरात एवढंच मिळालं. ते टिकावं, यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं.

बाकीच्यांचं दुखणं वेगळं. भामरेने इतकी वर्षं सोसायटी होऊच दिली नव्हती. लिफ्ट त्याच्या मर्जीने चालायची, गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचं भाडं त्याच्या खिशात जायचं. पाथर्डी फाट्यावरची ही शिकलेली मंडळी रविवारी मिसळ खाताना भामरेला शिव्या घालायची आणि सोमवारी तो गेटवर दिसला की 'नमस्कार शेठ' म्हणायची. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणीतरी लागतंच. शाळेत शिकवून आली की चैताली सोसायटीच्या अर्जासाठी दारोदार सह्या मागत फिरायची. तिसऱ्या मजल्यावरचे मयुरेश गायधनी सही करताना म्हणाले, "मॅडम, कायदा तुमच्याच माणसाने लिहिलाय. तुम्हीच पुढे व्हा." ती हसली. माणसाने इतकं समजूतदार असू नये.

जुन्या सीबीएसजवळच्या कोर्टातल्या वकील सुमेधा पिंगळे तिनेच शोधून काढल्या. बाई हुशार. फाइल चाळून म्हणाल्या, "चैताली, तुमचं नाव अर्जात घातलं तर भामरेचा वकील त्याच मुद्द्यावर सगळा अर्ज लटकवून ठेवेल. सध्या नाव बाहेर ठेवू. आधी सोसायटी रजिस्टर होऊ दे, जमीन आणि इमारत तिच्या नावावर होऊ दे. मग ठराव करून तुम्हाला सभासद करून घ्यायचं आणि फ्लॅट नियमित करायचा अर्ज सोसायटीनेच करायचा. बिल्डरच्या भरवशावर तुमचं घर कधीच पक्कं होणार नाही."

"पण लोक नंतर करतील ना ठराव?"

गायधनी शेजारीच बसले होते. "अहो मॅडम, काय बोलताय! हे सगळं होतंय ते तुमच्यामुळे."

चैतालीने स्वतःच्या हाताने अर्जातलं आपलं नाव खोडलं. वर्गात पोरांना प्रत्येक गोष्ट वहीत उतरवून घ्यायला लावणारी ही बाई, पण गायधनींचा शब्द तिने लिहून घेतला नाही. शेजाऱ्याकडून काय लिहून घ्यायचं, असं तिला वाटलं.

उपनिबंधकांकडे सुनावण्या झाल्या, भामरे हरला, इमारत सोसायटीच्या नावावर झाली. पेढे वाटले गेले, गायधनी चेअरमन झाले. पहिली सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये ठेवली, म्हणजे चैतालीच्या दारातच. माइकला वीजही तिच्या घरातून घेतली. ती बसायला गेली तर सेक्रेटरी यशश्री साखरेत घोळून म्हणाली, "ताई, सभा फक्त सभासदांची आहे हो. तुम्हाला घरात बसूनही ऐकू येईल."

ऐकू आलं. लिफ्ट झाली, टॉवर झाला, मग पार्किंगचा विषय निघाला. आता घरटी दोन-दोन गाड्या होत्या आणि जागा पुरत नव्हती. गायधनी माइकवर म्हणाले, "आमचा वैयक्तिक विरोध कुणालाच नाही. पण कायद्याने पार्किंग सगळ्यांचं आहे. ते पूर्ववत करून घ्यावं, असा ठराव मांडतो." झाडून सगळे हात वर गेले. गरज सरो, वैद्य मरो. सही घेताना जिने तिला चहा पाजला होता, त्या बाईचाही हात वर होता.

सभा संपल्यावर चैतालीने सभेला आलेल्या पिंगळेबाईंना गाठलं. "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. सोसायटीलाही तोच सल्ला दिला. त्यांनी नाही ऐकला." बाईंनी आवाज खाली आणला. "माझी अशील सोसायटी आहे. तुमच्या बाजूने मला उभं राहता येणार नाही. तुम्ही दुसरा वकील बघा."

यात खोटं काही नव्हतं. आपल्या घरावर चालून येणारा अशील चैतालीनेच त्यांच्यापर्यंत चालत नेला होता.

भिंती पाडायची महापालिकेची नोटीस आली. दुसऱ्या वकिलाने कागद बघून नकारार्थी मान हलवली. शेवटी एका रविवारी, वडिलांना जेवू घालून, ती गंगापूर रोडला भामरेच्या ऑफिसात गेली. ज्याला सुनावणीत तोंडावर चोर म्हटलं, त्याच्याच समोर हात जोडून बसली. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भामरेने चहा मागवला. "मॅडम, मी लबाड माणूस. पण मी होतो तोवर तुमच्या भिंतीला हात लावायची एकाची तरी हिंमत झाली का? तुम्हाला उठवलं असतं तर तुम्ही माझ्यावरच केस केली असती, म्हणून मीच तुम्हाला सांभाळत होतो. आता काय करू? बिल्डिंग तर तुम्हीच माझ्याकडून काढून घेतली. घ्या, चहा घ्या."

ती परत आली तर पार्किंगमध्ये सगळे जमले होते. गाड्यांच्या जागांच्या चिठ्ठ्या निघत होत्या. जागा चुन्याने आखलेल्या होत्या, आणि दोन रेघा थेट तिच्या भिंतीला जाऊन भिडल्या होत्या. भिंतीच्या पलीकडे धोंडीरामांची कॉट होती. चिठ्ठ्या तटस्थ माणसाने काढाव्यात, असं ठरलं होतं, आणि इमारतीत सभासद नसलेलं घर एकच होतं.

धोंडीराम मधोमध खुर्चीवर बसले होते. नोटिशीचं तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. डाव्या हाताने ते स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढत, यशश्री नाव वाचे, लोक टाळ्या वाजवत. "गायधनी, कोपऱ्यातली जागा!" तिने वाचलं. कोपऱ्यातली म्हणजे कॉटची. गायधनींनी धोंडीरामांना वाकून नमस्कार केला. "काका, तुमचा हात शुभ आहे."

चैताली गर्दीतून पुढे आली तसा म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "बघ पोरी, मला मान दिला." मग जरा हिरमुसून म्हणाले, "आपली चिठ्ठी अजून नाय निघाली गं. तळाला असंल."

आणि ती काही बोलायच्या आत त्यांनी पुन्हा डब्यात हात घातला.