बेचाळिसावी ओळ

शाई वेगळी होती. वरच्या एकेचाळीस ओळी काळ्या, आणि ही शेवटची निळी, बोट लावलं तर अजून पुसली जाईल अशी... नातीचं, रेवाचं, बारसं झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, बारशानंतरच्या सोमवारी गुरुमूर्तीने अशा तांबड्या पुठ्ठ्याच्या दोन वह्या आणल्या होत्या, एक संकेतला, एक स्वतःला; ही संकेतची. वसंताने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आकडे त्याला अक्षरांपेक्षा लवकर लागतात. नंबर बेचाळीस. तारीख गुरुवारची.

आज शनिवार. गुरुवारची ओळ आज सकाळी ओली.

संकेत, वसंताचा मुलगा, कंपनीत प्रोग्राम लिहितो; ते ज्या सर्व्हरवर चालतात तो सर्व्हर गुरुमूर्ती सांभाळतो. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यातले ट्रक त्या प्रोग्रामने छापलेल्या चिठ्ठीशिवाय फाटकाबाहेर जात नाहीत. बारशाच्या पंगतीतच दोघांची जुंपली होती. ह्यांची माणसं रोज काहीतरी नवं आणून टाकतात आणि बंद पडलं की शिव्या मला, असं गुरुमूर्तीचं म्हणणं. ह्याच्याकडे काहीही मागा, उत्तर एकच, पुढच्या आठवड्यात, असं संकेतचं.

"अप्पा, इंजिन तुमच्या मुलाचं, रूळ माझे," गुरुमूर्ती तमिळमध्ये वसंताला म्हणाला होता. "रूळ उखडले की हा पायसम खात बसतो."

सगळे हसले, आणि हसण्याच्या भरात वसंताने रेल्वेतली रीत सांगितली. गाडी सोडण्याआधी मागचा मास्तर पुढच्या मास्तराला टेलिफोनवर विचारतो; पुढचा एक आकडा देतो; देणारा आपल्या वहीत लिहितो, घेणारा आपल्या. दोन्ही वह्यांत तो आकडा आल्याशिवाय गाडी हलत नाही. गुरुमूर्तीने जेवणं थांबवून ऐकलं होतं. नवा प्रोग्राम चढवायचा तर आधी संकेतने नंबर मागायचा, गुरुमूर्तीने द्यायचा, असं ठरलं. पुढचे चार महिने वसंताला दर रविवारी संकेतकडून तोच हिशोब ऐकायला मिळाला — इतके नंबर झाले, एकदाही भांडण नाही, आता आम्ही एकाच टेबलाशी बसतो. आपल्या मुलीचे कान टोचायला कुंभकोणमला जाताना गुरुमूर्तीने सर्व्हरचा पासवर्डसुद्धा संकेतला दिला, आणि परत आल्यावर बदलला नाही.

तोच पासवर्ड. गुरुवारी घाई होती, गुरुमूर्ती दुसऱ्या इमारतीत होता, आणि संकेतने नंबर न मागताच नवा प्रोग्राम चढवला. चार तास एकही चिठ्ठी छापली गेली नाही. ट्रकांची रांग श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर आली. हे संकेतने काल जेवताना सांगितलं होतं, खाली बघत. ही ओळ मात्र काल नव्हती...

संकेत बाहेर आला. त्याला वही बापाच्या हातात दिसली आणि तो थांबला.

"त्याने नंबर दिला होता?" वसंताने विचारलं.

"तो लिहायला विसरला, असं म्हणेन." मग हळू आवाजात, "त्याची फार तर बदली करतील, आबा. माझी नोकरीच जाईल." तो पाळण्याकडे बघत होता.

फार तर बदली — वसंताच्या मनात आलं, असंच काहीसं तेव्हा मीही मनाशी म्हटलं होतं. एकोणीसशे एकोणसत्तर. यार्डात मी सांधेवाला, रुळांचे सांधे बदलणारा; सुब्बा शंटर, डबे हलवताना इशारे देणारा. त्याने निशाण दाखवल्याशिवाय खटका ओढायचा नाही, आणि मी ओढला, कारण ऊन होतं, डब्याची भाकरी वाट बघत होती, आणि तो दाखवणारच होता... मालाच्या दोन वाघिणी रुळावरून घसरल्या. माणूस कुणी दुखावलं नाही. चौकशीत कारकुनाने माझा जबाब मला वाचून दाखवला, एकदा नाही, दोनदा — सुब्बाने हिरवं निशाण दाखवलं. मी अंगठा दिला. हेमलताला, माझ्या बायकोला, अजून वाटतं की कुणी फसवू नये म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी, संकेत पहिलीत असताना, त्याच्याच पाटीवर त्याच्याबरोबर अक्षरं शिकलो. मला कुणी फसवलं नव्हतं. सुब्बाची नोकरी गेली. बाहेर व्हरांड्यात त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून पुढे केला. शाई पुसायला.

दोन वह्यांची रीत मी पंगतीत सांगितली. हे सांगितलं नाही.

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" संकेत विचारत होता, चिडून नव्हे, खरंच.

"अंगठा दिला असता," वसंता म्हणाला. मग चष्मा काढत, "दिला होता."

"कुठे?"

खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला. संकेतने वही घेतली, पिशवीत टाकली, एक बूट घातला. वसंताला वाटलं, आता हा जाईल, आणि जावा असंही वाटलं...

"सुब्बा म्हणून एक होता," तो म्हणाला.

सदतीस वर्षांत हे नाव ह्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. हेमलता स्वयंपाकघराच्या दारात आली होती. दुसरा बूट संकेतच्या हातातच होता, आणि हॉर्न पुन्हा वाजला तरी तो बापाच्या तोंडाकडे बघत होता. मोकळं काही वाटत नव्हतं. उलट, आता रुमालापर्यंत सगळं सांगावं लागणार होतं. उजवा अंगठा आपसूक तर्जनीवर घासला जाऊ लागला, आणि ह्या वेळी त्याने तो थांबवला नाही.

सुब्बा वारला एकोणीसशे त्र्याऐंशीच्या जून महिन्यात. मला लिहिता येऊ लागलं त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि त्याला मी एक ओळही लिहिली नव्हती.