भिंतीची खालची बाजू

“यातलं शेवटचं पान फाटलंय,” पोथी पुढे करत मी म्हणालो.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला बुधवार होता. आमच्या गावचे धर्मगुरू पापा-लुकास अंगणात बसून तमालपत्राच्या फांद्यांची पानं खुडत होते. शनिवारी सकाळी ती चर्चमध्ये उधळायची असतात. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठलं पान?”

“योना संदेष्ट्याचं. देव त्याला प्रश्न विचारतो आणि गोष्ट तिथेच थांबते. उत्तर कुठे गेलं? उंदरांनी खाल्लं असणार.”

त्यांच्या पत्नी दिओनिसियाबाई दारात आल्या. “मिस्त्री, पोथी माझ्या वडिलांची आहे. आमच्याकडच्या उंदरांना धर्माची इतकी आवड नाही.”

बाई पूर्वी शाळेत शिकवत. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, सहासष्टाव्या वर्षी. त्याआधी दगड तेवढा वाचता यायचा. कुठे शीर आहे, कुठे ठोकला तर सरळ फुटेल, ते हात लावून कळायचं. कागद पुढे आला की मी चष्मा विसरल्याचं सांगायचो. चष्मा तेव्हा नव्हताच माझ्याकडे.

“उत्तर नाहीच, मिस्त्री,” पापा म्हणाले. “गोष्ट प्रश्नावरच संपते.”

“भिंत अर्धी सोडून निघून जावं, तसं झालं हे.”

“उरलेली तुम्ही बांधा. शनिवारी ते वाचन तुमच्याकडेच आहे.”

हे गेल्या महिन्यातच ठरलं होतं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली होती. माझ्यासारख्या माणसाने भर चर्चमध्ये उभं राहून वाचायचं. साठ वर्षं मी ती गोष्ट ऐकत आलो होतो, पण चर्चची भाषा जुनी आणि वाचणारा घाईत. योनाला गिळलेला मासा त्याला किनाऱ्यावर ओकेपर्यंत लोक ऐकतात, मग सगळ्यांचं लक्ष तमालपत्राच्या टोपलीकडे. पुढचं मला या वसंतात बोट फिरवत वाचताना कळलं. योना निनवे शहरात जाऊन सांगतो, आमच्या पोथीप्रमाणे तीन दिवसांत हे शहर उलथणार. शहर घाबरतं, राजापासून गुरांपर्यंत सगळे उपाशी राहतात, वाईट वाट सोडतात. देवाला दया येते. आणि योना चिडतो. गावाबाहेर भोपळ्याच्या वेलाखाली जाऊन बसतो, शहराचं काय होतं ते पाहत.

तिथे माझं बोट थांबलं होतं. कारण माझ्या घरासमोरही भोपळ्याचा मांडव आहे, त्याखाली खुर्ची आहे, आणि खुर्चीतून खाली पाराशोसचं घर दिसतं.

पाराशोस आणि मी तीस वर्षं जोडीने गवंडीकाम केलं. मग त्याने स्वतःच्या घरामागे डोंगराची माती अडवायला सिमेंटची भिंत घातली. मागे साचणारं पाणी निघायला एक भोक ठेवलं नाही. मी कॉफीच्या दुकानात, सगळ्यांसमोर म्हणालो, “दोन हिवाळे. तिसऱ्याला ही भिंत याच्या अंथरुणात येईल.” त्याने माझ्या आईपासून सुरुवात करून बरंच काही ऐकवलं. तेव्हापासून बोलणं बंद. एकोणीस हिवाळे गेले; आमच्याकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो. दर पावसात मी मांडवाखाली बसायचो. भिंत उभीच.

“मग योना खोटा ठरला का, पापा?” मी विचारलं. “म्हणाला ते घडलं नाही.”

“घडू नये म्हणूनच सांगितलं होतं,” पापा म्हणाले. “पुढचं कळावं म्हणून संदेष्टा बोलत नाही, मिस्त्री. ऐकणाऱ्याने वेळ आहे तोवर मागे फिरावं म्हणून बोलतो.” मग पानं खुडणं थांबवून ते म्हणाले, “शनिवारी वाचायचं तर प्रभुभोजनाचा प्रसाद घ्यावा लागेल. आणि मनात वैर ठेवून तो घेता येत नाही; आधी खाली पाराशोसकडे जाऊन यावं लागेल. नाहीतर वाचायला दुसरा शोधतो. ईस्टर झाला की मुलगी त्याला पायरियस शहरात नेतेय. दगडाची धूळ बसलीय त्याच्या छातीत. परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.”

मी पोथी घेऊन घरी आलो. गुरुवारी दुपारपर्यंत मांडवाखाली बसलो. खरं सांगायचं तर माफीपेक्षा मला दुसरीच गोष्ट छळत होती. ती भिंत उभी कशी? माझा हिशेब चुकला नव्हता. मातीचं मला कळतं.

शेवटी उठलो आणि खालच्या गल्लीने गेलो. त्या गल्लीत एकोणीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

भिंतीच्या पायाशी, गुडघाभर उंचीवर, भोकांची रांग होती. मूठ जाईल एवढी. छिन्नीने पाडलेली, हाताने, कडा नीट घासलेल्या. प्रत्येकाखाली पाण्याचा जुना हिरवा ओघळ. वरून यातलं काहीच दिसत नव्हतं.

पाराशोस दारात स्टुलावर बसला होता. अर्धा झाला होता.

“रस्ता चुकलास का, आर्गिरी?”

“कधी पाडलीस?”

“तू दुकानात बोललास त्याच आठवड्यात. तू पलीकडच्या गावी कामाला होतास. ठोके ऐकू जाऊ नयेत म्हणून तोच आठवडा धरला.”

“मला शिव्या देऊन?”

“शिव्या तुला दिल्या. ऐकलं तुझंच.” त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी उभा राहिलो.

“सांगितलं का नाहीस?”

“तू विचारायला कधी आलास? वर भोपळ्याखाली बसलेला दिसायचास. बायको म्हणायची, आर्गिरी आपल्या भिंतीची राखण करतोय.”

मला हसू आलं नाही. “मी ती पडायची वाट बघत होतो, पाराशोस. दर पावसात.”

“माहीत आहे.”

“माफ कर.”

“देव माफ करो,” तो म्हणाला. “मीही वर यायला हवं होतं. गुडघे चांगले होते तेव्हा. बस. कॉफी मुलगी करेल, वाईट करते.”

शनिवारी मी वाचलं. दोनदा अडखळलो. माशाचा भाग संपला तरी लोक ऐकत होते, बहुधा मी कुठे पडतो ते बघायला. शेवटी देवाचा तो प्रश्न आला. उजवा-डावा हात न कळणारी एवढी माणसं आणि एवढी गुरं, त्यांची कीव मी करू नये का? मी पोथी मिटली. मागच्या बाकावर पाराशोस खोकला. मग पापांनी पानं उधळली आणि रिवाजाप्रमाणे लोक आनंदाने बाकं बडवू लागले.

मंगळवारी मुलगी त्याला घेऊन गेली. ऑक्टोबरात तो तिकडेच वारला. घराला कुलूप आहे.

पाऊस लागायच्या आधी मी तार घेऊन खाली उतरलो. भोकांत माती आणि गोगलगायी भरल्या होत्या. एकेक मोकळं केलं. चौथ्या दिवशी पाऊस आला तेव्हा पुन्हा गेलो. बराच वेळ काही नाही. मग डावीकडच्या शेवटच्या भोकातून गढूळ धार सुरू झाली. ती स्वच्छ होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.