झोपाळ्यावरचं नेट

ऑफिसनं सांगितलं होतं, सोमवारची मीटिंग न अडकता पार पडली तर मसोलीच्या घरून काम कर, नाहीतर पुण्याला परत ये. बाबांना जाऊन महिना झाला होता. आई दिवसातून दोनदा म्हणायची, "जा तू, मी राहीन," आणि दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता.

रविवारी मी कामाला लागले. फोनवर पाहिलं तर गल्लीतले सगळे राउटर एकाच चॅनेलवर कोंबलेले, एकमेकांना अडवत, आमचाही त्यातच. मी आमचा दुसऱ्या चॅनेलवर नेऊ लागले.

"आपण का हलायचं?" आई म्हणाली. "शेजारच्या चिमणभाईला सांग हलायला. आपण आधी घेतलंय नेट."

"आई, ही बसमधली सीट नाही."

चॅनेल बदलला. थोडा फरक पडला, पण माझ्या खोलीत गेलं की व्हिडिओचं चित्र थिजायचं. राउटर कोनाड्यात होता, म्हणून वाकून पाहिलं. त्याच्यापुढे बाबांचा फोटो, पितळेचं मोठं ताट आणि पाण्यानं भरलेला तांब्या.

"अगं, धातू आणि पाणी! सगळे सिग्नल इथंच अडतायत. हे इथं का मांडलंस?"

"दिवा पंख्यानं विझतो," आई म्हणाली. "हा विझत नाही. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो."

राउटरचा हिरवा ठिपका बाबांच्या कानामागे लुकलुकत होता. मी फोटोकडे हात नेला.

"फोटो वर्षभर हलणार नाही," आई म्हणाली.

"मग राउटर हलवू. तुला काचेच्या पेल्यात दिवा लावून देते, वारा लागणार नाही."

तिनं मान डोलावली. पण वायर घराच्या मध्यापर्यंतच पुरत होती, आणि तिथं होता बाबांचा झोपाळा. ते गेल्यापासून त्यावर कोणी बसलं नव्हतं. मी वायर हातात धरून उभी राहिले. आईनं पदरानं फळी पुसली, चादरीची घडी घातली आणि राउटर स्वतः ठेवला.

"झोका देऊ नकोस हं."

"कशाला देईन?"

"तुझ्या बापाला सवय होती."

सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. माझं बोलणं निम्म्यावर आलं होतं, तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. चिमणभाई, हातात पिशवी.

"जयश्रीबेन, कालपासून आमचं नेट काय पळतं! घोडाच!"

"पळेल नाहीतर काय, आम्ही जागा सोडली तुमच्यासाठी," आई म्हणाली, आणि लगेच किंचाळली, "अहो, तिथं बसू नका! तिथं नेट बसलंय!"

सगळ्या ऑफिसनं ऐकलं. मॅनेजरनी विचारलं, "निलम, कोण बसलंय?"

"राउटर, सर. वडिलांच्या झोपाळ्यावर."

पडद्यावरचे चेहरे हलेनात. चित्र पुन्हा थिजलं की काय, म्हणून मी वाकून राउटरचा हिरवा ठिपका पाहिला. मग सर म्हणाले, "बसू दे त्याला. तूही राहा तिथंच."

चिमणभाई उभ्या उभ्या चहा पिऊन गेले. आईनं पिशवीतले चिकू दाबून पाहिले.

"दगड आहेत. गुरुवारशिवाय पिकायचे नाहीत," ती म्हणाली. तिनं डब्याचं झाकण काढलं, चिकू तांदळात पुरले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "असशील ना?"

"असेन," मी म्हणाले.