सरांची कांडी

सलग तिसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये नुसतं पाणीच राहिलं, तेव्हा तिने प्रयोगाची वही मिटली.

तीन वर्षं ही रिॲक्शन डोळे मिटून होत होती. दोन साधी द्रव्यं, पाणी आणि ऐंशी अंश उष्णता. चार तासांत कार्बनच्या साखळीत नायट्रोजन अडकून कडं पुरं व्हायचं, पिवळे स्फटिक तळाशी बसायचे. विषारी द्रावक नाही, धातू नाही. उद्या औषध कारखान्याची माणसं हे बघायला येणार होती. पसंत पडलं तर द्रावकाच्या टाक्या बंद होणार होत्या. त्याच टाक्यांवर तिचा थोरला भाऊ बारा वर्षं खोकत होता.

"काका, इथं काय बदललंय?"

भांडी धुणारे काका प्रयोगशाळेत सगळ्यांत जुने. "काही नाही, ताई. ढवळायची चुंबकाची कांडी तेवढी नवी टाकली. पाहुण्यांसमोर ती काळवंडलेली? कोट कडक अन् पायात फाटकी चप्पल!"

"जुनी फेकली?"

"सरांची ती. फेकेन कशी?"

तिला संशोधन शिकवणाऱ्या सरांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचं टेबल आणि ही कांडी तिच्याकडे आली होती. तिने ती फ्लास्कमध्ये सोडली.

टिक्, टिक्, टिक्. झिजलेलं टोक दर फेऱ्याला काचेला लागत होतं. तीन दिवस खोली मुकी का वाटत होती, ते तिला आत्ता कळलं. विचार करताना सर पेनने टेबलावर असंच वाजवायचे. तिने मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

दुपारपर्यंत स्फटिक बसले.

"बघा! सर गेले, पण हात नाही काढला त्यांनी."

तिने तळाशी फिरणाऱ्या कांडीकडे पाहिलं. सरांनी हयातभर रिॲक्शन घडवून आणायला पॅलेडियम धातू वापरला होता. कांडीच्या चिरांत त्याचे कण रुतले असणार, कितीही धुतलं तरी न निघणारे. ती तीन वर्षं अहवालात "धातूविना" लिहीत होती, आणि भांड्यात सर फिरत होते.

"मग उद्या हीच फिरवा. कोणाला कळतंय?" तिने हे सांगितल्यावर काका म्हणाले.

"कारखान्याच्या टाकीत ही कुठून आणू, काका? तिथं फसलं की पाण्याचं नाव पुन्हा कोणी काढणार नाही."

संध्याकाळी भावाचा फोन आला. "काय गं, आमच्या टाक्यांना टाळं ना?" हसता हसता त्याला ढास लागली. खोकला थांबेपर्यंत तिने वाट पाहिली.

"इतक्यात नाही, दादा. माझं चुकलंय."

"तुझं? मग जगबुडीच आली म्हणायची!" मग त्याने विचारलं, "किती दिवस?"

तिने वहीच्या कोऱ्या पानावर दोन फ्लास्क काढले.

दुसऱ्या दिवशी तिने पाहुण्यांसमोर दोन फ्लास्क मांडले, एकात नवी कांडी, दुसऱ्यात सरांची. चार तासांनी एक नितळ होता, दुसरा पिवळा. तिने अहवालावरचा "धातूविना" शब्द खोडला. "धातू किती लागतो, ते मोजून सांगते," ती म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तिने दोन्ही बटणं बंद केली. कांड्या थांबल्या.

टिक्, टिक्, टिक्.

तिने खाली पाहिलं. पेन तिच्याच हातात होतं.