सहदेवची काडी

"सुभद्रे, सोड तो कापूस! हात धू अन् गाडीत बस," पुंजारामनं अंगणात पाऊल टाकलं तेच ओरडत. त्याची दमणी दारात उभी होती आणि बैल अजून धापा टाकत होते.

सुभद्रेनं मान वर केली नाही. सरकी काढायच्या चरखीच्या दोन लाकडी लाटांमध्ये ती कापूस भरवत होती. पलीकडून रुई गळत होती, अलीकडं सरकी टपटपत होती. समोर तिचा नवरा, सहदेव, चरखीची मूठ फिरवत बसला होता. सख्खा मेहुणा दारात येऊन ओरडतोय, पण त्यानं ना 'या' म्हटलं, ना नजर हलवली.

"दादा, आधी पानी त घे. पातुराहून आला तू."

"पानी प्याले नाई आलो. पंच पारावर जमून राहिले. आज काडीमोड करून टाकू. खुशालराव पाटाले तयार हाय. चार खोल्याचं घर बांधलं त्यानं, दारात दोन बैलजोड्या हायेत, अन् मानूस कसा हसरा! इथी काय ठेवलं तुह्यासाठी? हा दगड?"

दगड म्हणून त्यानं सहदेवकडे बोट केलं. मूठ फिरतच होती.

"थांबा आता," सुभद्रा हळूच म्हणाली. मूठ थांबली.

पुंजाराम पाहतच राहिला. "म्हंजे, सांगतलं का करते हा?"

"करते न! पयले आपन हात लावून द्या लागते. सुरू करून देलं का मंग करते." हे सांगताना तिच्या आवाजात जरा अभिमानच होता. बिचारीला काय ठाऊक, आपल्याच तोंडानं आपण काय देऊन बसलो ते!

कुणब्यांच्या घरात काडीमोड म्हणजे फार सोपं काम. पंचांपुढे नवऱ्यानं गवताची एक काडी आपल्या हातानं मोडायची. मोडली की बाई मोकळी, मग दुसऱ्याशी पाट लावा नाहीतर माहेरी राहा. बोलायची सुद्धा गरज नाही. आणि न बोलणं हेच तर सहदेवचं सारं दुखणं होतं.

तसा हा माणूस मुळातला मुका नव्हता हो! उलट, एके काळी त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं. बाळापूरकडचा कापूस गाडीत भरून तो थेट अमरावतीच्या बाजारात न्यायचा. सातासमुद्रापार कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला असे दिवस आले होते की विचारू नका. रस्त्यावर गाड्यांची रांगच्या रांग. ज्याच्या आज्यानं कधी पितळेचा गडवा पाहिला नाही, तो हातात सोन्याचं कडं घालून हिंडू लागला. अकोल्याकडं आगगाडीसाठी मातीचे बांध पडू लागले, त्याच्याही गोष्टी सहदेवच गावात आणायचा, आणि एकाच्या चार करून सांगायचा.

त्याच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज सुभद्रेला नाल्यापलीकडूनच कळायचा. आणि ह्याला धीर कुठला! गावाच्या शिवेवरूनच हाळी द्यायचा, "सुभद्रे, पानी ठेव वो चुलीवर!" भर गावात बायकोचं नाव! पाणवठ्यावरच्या बाया पदर तोंडाशी धरून हसायच्या, सासू मैनाबाई कपाळावर हात मारायची, आणि सुभद्रेला धरणीनं पोटात घ्यावं असं व्हायचं. मग हा घरात यायचा आणि पागोट्यातून कागदात बांधलेल्या हिरव्या बांगड्या काढायचा. बांगड्या हमखास मोठ्या निघायच्या. "तू जाडी होशीन त बराबर बसतीन," असं वर म्हणायचा! त्या एका हाळीसाठी आता ती आपलं उरलेलं आयुष्य ओवाळून टाकायला तयार होती.

एका हंगामात तो चालतच घरी आला. गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्यावर तशीच सोडलेली. विहिरीतून माणसं आपल्याला हाका मारतात म्हणाला, भरल्या ताटात त्यांनी काही कालवलंय म्हणाला. मग भगत झाले, हकीम झाले, अंगारे झाले, आणि हो, दोराही झाला. काही दिवस त्याला गोठ्यातल्या खुंटाला बांधून ठेवलं होतं. ते दिवस सुभद्रा आठवत नाही, ते आपोआप आठवतात.

आणि मग पावसाळ्यात कधीतरी तो गप्प झाला. विहिरीतली माणसं गेली, ओरडणं गेलं. मैनाबाईनं घरोघर गूळ वाटला. "निवलं वो माय माहं लेकरू! निवलं!" सारं गाव म्हणालं, सहदेव बरा झाला. तो बरा झालेला नाही, तो आणखी लांब गेलाय, हे फक्त सुभद्रेला कळलं. गूळ तिनंही खाल्ला.

कारण ओरडणाऱ्या माणसाला निदान काहीतरी हवं असतं. ह्याला काहीच नको होतं. उठवलं नाही तर तो पडून राही. अंघोळीचं पाणी समोर निवून जाई, पण तो तांब्या उचलायचा नाही. भूक लागली म्हणायचा नाही, जेवण चांगलं झालं म्हणायचा नाही. त्याचा लाडका पांढरा बैल मेला, तेव्हा मैनाबाई हंबरडा फोडून रडली आणि हा भिंतीला टेकून बसला होता तसाच बसला. गाव आधी हळहळलं आणि मग कंटाळलं. "ऐतखाऊ हाय," लोक म्हणू लागले. "बायकोच्या जीवावर बसून खाऊन राहिला."

सुभद्रा तरी काय देवी होती? तीही चिडली. एकदा तर तांब्या भिंतीवर आपटून ओरडली, "शिव्या त द्या मले! मारा! काई त करा वो!" त्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, मायेनंही नाही, नुसतं पाहिलं. त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन पोटभर रडली. तेव्हापासून तिनं ओरडणं सोडलं, कारण आवाज चढला की तो आणखी आत जायचा, हे तिच्या लक्षात आलं होतं.

चरखीचं मात्र अवचित झालं. एक दिवस ती एकटीच चरखीवर बसली होती. एका हातानं भरवायचं, दुसऱ्या हातानं फिरवायचं, दंड भरून आला होता. तिनं वैतागून सहदेवचा हात धरला, मुठीवर ठेवला, वरून आपला हात दाबला आणि दोघांनी मिळून फिरवलं. मग तिनं आपला हात काढला. मूठ फिरतच राहिली! तिनं कापूस भरवला, तिच्या डोळ्यांतलं पाणी कापसात पडलं आणि लाटांमधून पलीकडं गेलं.

मग तिला युक्ती सापडली. तांब्या त्याच्या हातात द्यायचा, पहिलं पाणी आपण ओतायचं. भाकरीचा पहिला तुकडा आपण मोडून बोटांत ठेवायचा. सुरुवात आपली, पुढचं त्याचं. फक्त एक होतं, तो आपणहून थांबायचा नाही. कापूस संपला तरी मूठ फिरवतच राहायचा. तिला सांगावं लागायचं, "थांबा आता." चरखी म्हणजे बायांचं काम, म्हणून गडीमाणसं दारावरून हसत जायची. त्याला त्याचं काही नव्हतं. तिलाच लागायचं.

तिला जायचं नव्हतं. का जायचं नव्हतं, हे तिला नीट सांगताही आलं नसतं. कधीकधी खुशालरावाच्या हसऱ्या तोंडाचा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, खोटं कशाला बोला! पण आपण गेलो तर सकाळी ह्याच्या हातात तांब्या कोण देईल, इथं येऊन तो विचार दरवेळी अडायचा. मैनाबाईचे डोळे गेले होते. आज ती चाचपडत दारापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "तुले जा वाटत असंन त जाय बाई. मी नाई रडत." आणि लगेच रडायला लागली.

पंचांचं बोलावणं मोडता येईना, म्हणून सुभद्रा सहदेवला घेऊन पारावर आली. तिथं महादेवराव पाटील मधोमध बसले होते. भला माणूस. सहदेवच्या गाडीत बसून पूर्वी अमरावतीला जायचे, त्याच्या गप्पा ऐकत. पुंजारामनं सांगायचं ते सांगितलं. बहीण तरुण आहे, मूलबाळ नाही, नवरा असून नसल्यासारखा.

"तुहं काय म्हननं हाय सुभद्रे?" पाटलांनी विचारलं.

"मले नाई जाचं."

"ते लाजून बोलून राहिली," पुंजाराम म्हणाला. "लोक काय म्हनतीन म्हनून. त्याच्या हातानं काडी मोडू द्या, मंग येते का नाई पाहा. अन् मालक, त्याले नुसतं सांगू नका. हातात द्या अन् आपन करून दाखवा. सांगतलं का करते तो. मी आज सोताच्या डोयानं पाह्यलं."

सुभद्रेनं चमकून भावाकडं पाहिलं. तिचीच युक्ती! तिनंच घोटून घोटून त्याला शिकवलेली. तांब्या दिला तर तो ओततो, मूठ दिली तर तो फिरवतो, मग काडी दिली तर दुसरं काय करणार?

पाटलांनी पारालगतच्या छपरातून वाळल्या गवताच्या काड्या उपटल्या. एक सहदेवच्या हातात ठेवली, एक आपण धरली. आवाज अगदी मऊ ठेवून म्हणाले, "सहदेवा, इकडे पाह्य. असं. असं मोड." कट्कन त्यांची काडी मोडली.

सहदेवनं पाटलांच्या हाताकडं पाहिलं. मग आपल्या काडीकडं. त्याची बोटं काडीच्या दोन्ही टोकांना आली. सुभद्रेनं डोळे मिटून घेतले.

आवाज आला नाही.

"असं बाप्पा," पाटलांनी दुसरी काडी मोडली. मग तिसरी. त्यांच्या पायाशी तुकडे पडत गेले. सहदेव काडी दोन्ही हातांत धरून बसला होता. तोंडावर राग नाही, हट्ट नाही, काही नाही. पारावरच्या पिंपळाची पानं तेवढी हलत होती.

पुंजाराम उसळला. "त्याले समजतच नाई काई! त्याच्या हाताले धरून मोडून टाका!"

महादेवराव उठले आणि त्यांनी धोतराचा सोगा झटकला.

"समजत नसतं, त मोडली असती गड्या. तूच सांगतलं न, सांगतलं का करते म्हनून?" मग ते सुभद्रेकडं वळले. "ने बाई त्याले घरी."

पुंजाराम तसाच दमणीत बसला, रागानं बहिणीशी बोललाही नाही. पुढे पोळ्याला आला, तेव्हा निवला होता, ती गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर सुभद्रेनं चरखीपुढं त्याला बसवलं. हातातली काडी काढून घ्यायला गेली, तर मूठ घट्ट. तिनं एकदा ओढून पाहिलं, मग सोडून दिलं. त्या दिवशी सहदेवनं डाव्या हातानं चरखी फिरवली.

त्यानं काडी का मोडली नाही, हे तिला कधीच कळलं नाही. त्याला सुभद्रा हवी होती म्हणून, की फक्त त्या दिवशी हात उठला नाही म्हणून? त्यानं सांगितलं नाही. तो पुढंही बोलला नाही, हसला नाही, गावाच्या शिवेवरून हाळी तर नाहीच. पण तांब्या दिला की पाणी अंगावर घ्यायचा, तुकडा दिला की जेवायचा, आणि त्या घराची चरखी गावात सगळ्यांत एकसारखी वाजायची.

लढाई संपली, भाव कोसळले, सोन्याची कडी पुन्हा सोनाराकडं गेली. आगगाडी आली, अकोल्यात कापसाचे वाफेवरचे कारखाने आले. मैनाबाई गेली, आणि एका उन्हाळ्यात, तापाचं निमित्त होऊन, सहदेवही गेला. जाताना ओठ हलले का, म्हणून बायांनी विचारलं. सुभद्रा नाही म्हणाली.

आता हातचरखीवर कोणी सरकी काढत नाही. "फोडून चुलीत घाल ते लाकूड," शेजारची जमुना म्हणते. सुभद्रा ऐकत नाही. दिव्याच्या वातींपुरता कापूस ती अजून चरखीवरच काढते, एका हातानं भरवायचा, दुसऱ्या हातानं मूठ फिरवायची. दंड भरून येतो. लाटा कापसाचा शेवटचा पुंजका ओढून घेतात, पलीकडं रुई गळते, आणि ती समोरच्या रिकाम्या पाटाकडं पाहून, सवयीनं, हळूच म्हणते,

"थांबा आता."