शंभूच्या कमरेचा पट्टा

मित्रांनो, तुम्ही ज्या खुर्चीत बसून गृहपाठ करता तिची जात वेगळी आणि माझी वेगळी. मी आहे एक जुनी सागवानी खुर्ची, पण मला पाहाल तर म्हणाल, हे काय सोंग! पाठीला दोन फळ्यांचा कोन, समोर जेवणाचा पाट, पायांखाली फळी आणि कमरेशी रुंद पट्टा. ज्यांना स्वतःच्या बळावर बसता येत नाही अशा मुलांसाठी मला घडवलं.

पौडच्या एका सुताराने मला घडवलं, पण माप दिलं ते नलिनीताईंनी. हातपाय ताठ होणाऱ्या, मान न धरणाऱ्या मुलांची एक लहानशी शाळा होती, तिथल्या त्या बाई. तिथे येणाऱ्या, माले गावच्या सायलीचं माप त्यांनी सुतळीने घेतलं होतं. सायली जन्मापासून आडवीच. आडवं जेवताना तिला असा ठसका लागायचा, की आईचा जीव टांगणीला. माझ्यात बसून ती पहिल्यांदा ठसका न लागता मऊ भात जेवली. मग पाटावर हात आपटून खिदळली. मी तर फुशारून गेले.

सायलीची आजी मात्र पट्टा पाहून भडकली. म्हणाली, “वासरावानी बांधून घातलंय व्हय पोरीला?”

“आजी, तिचं अंग तिला सावरत नाही, म्हणून पट्टा,” नलिनीताई म्हणाल्या. “जेवण झालं की आधी पट्टा सुटेल, मग खरकटं उचलू.”

आणि त्या तसंच करायच्या. हात उष्टे असले तरी डाव्या हाताने बक्कल काढायच्या. त्या दिवसांत मला कुणी देव्हारा दिला असता तरी मी घेतला नसता.

पण सुख कुणाला पुरून उरलंय? शाळेची जागा भाड्याची. मालकाने ती बंगल्यांसाठी विकली आणि शाळा बंद पडली. सायली पुन्हा घरी, सतरंजीवर. तोवर ती माझ्यात मावेनाशीही झाली होती. तिच्या मापाची दुसरी खुर्ची करायला कुणी उरलंच नाही.

मला देऊन टाकलं मुठा खोऱ्यातल्या एका निवासी शाळेला. तिथली मुलं निराळी. त्यांची समज सावकाश चालते, पण पाय चांगले भराभर चालतात. माझं तिथे काय काम? मला अडगळीत लोटलं. रुसून बसले होते मी तेव्हा. तीच जागा बरी होती, हे आज कळतं.

त्या शाळेत नांदे गावचा शंभू होता. नऊ वर्षांचा, एक शब्द न बोलणारा. पळणं हीच त्याची बोली. भूक लागली की स्वयंपाकघराकडे पळायचा, लघवीला लागली की संडासाकडे. आनंद झाला की व्हरांड्याच्या खांबांना शिवत गोल गोल पळायचा. मदतनीस धोंडाबाईंना त्याची ही सगळी बोली समजायची.

एकदा फाटक उघडं राहिलं आणि शंभू रस्त्यावर गेला, थेट डंपरसमोर. धोंडाबाईंनी सदऱ्याला धरून मागे ओढला म्हणून वाचला. मुख्याध्यापक बंडोपंत सरांनी धसकाच घेतला. ते काही दुष्ट नव्हेत हो. मुलं ढीगभर, सांभाळायला बाया दोन. बरीच वर्षं तिसरी जागा भरलीच नव्हती. सरांना मी आठवले.

“प्रार्थनेपुरतं बसवा त्याला,” सर म्हणाले.

बोट दिलं की हात धरतात, तशी गत झाली. प्रार्थनेपुरतं होतं ते जेवणापर्यंत गेलं आणि जेवणापर्यंतचं संध्याकाळपर्यंत. पहिले काही दिवस शंभूने मला गदागदा हलवलं. त्याची कंबर सोलवटली. संडासाकडे पळता येईना, म्हणून तो माझ्यातच ओला व्हायचा, आणि लोक म्हणायचे, पोरगं बिघडलं. अरे, तुम्हीच त्याची जीभ बांधलीत की! पण लाकडाचं ऐकतं कोण? मी आतल्या आत नुसती झुरले.

धोंडाबाईंनी एकदा पट्टा सोडला. शंभू फाटकाकडे धावला आणि त्यांच्या गुडघ्यांना काही त्याला गाठणं जमेना. दुसऱ्या बाईने पकडला.

“उद्या याला काही झालं तर जबाब तुम्ही देणार का?” सरांनी विचारलं.

“मंग अजून एक बाई ठिवा की सर. आमी दोघी कुटं कुटं बगायचं?”

सरांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. पट्टा पुन्हा लागला, आणि तो धोंडाबाईंनाच लावावा लागला.

परवा शंभूची आई सगुणाबाई भेटायला आली. बरेच महिने तिला रजा मिळाली नव्हती. सरांनी पट्टा सोडायला सांगितला. धोंडाबाईंनी बक्कल काढलं, पाट बाजूला केला.

“शंभू, ये रं बाळा,” आईने हात पसरले.

शंभू उठला नाही. त्याने आईकडे पाहिलं, मग पट्ट्याचं सुटलेलं टोक उचललं, कमरेवरून घेतलं आणि बक्कल लावण्यासाठी धोंडाबाईंच्या हातात दिलं.

धोंडाबाई पदर तोंडात धरून बाहेर निघून गेल्या. सगुणाबाईला काय कळणार? तिचा चेहरा उजळला.

“सर, लई शाना झाला माझा शंभू. घरी निस्ता पळतुया, जीव नकोसा करतुया,” ती म्हणाली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत तिने विचारलं, “सुट्टीत ही खुर्ची आमाला घरी न्यायला मिळंल का?”

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, पुसा, जागेवर ठेवा. मी हात जोडून उलटं मागते. मला जपू नका. माझी लाकडं करा आणि तुमच्या शाळेच्या चुलीत घाला. नाहीतर शंभू उद्याही सकाळी आपणहून येऊन माझ्यात बसेल.