पुजाऱ्याला साप चावला

धानाच्या रोवणीत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नाग चावला तो नेमका पोचूला, गावाच्या पुजाऱ्याला. आजवर साप चावलेला माणूस आधी मंत्र घालून घ्यायला त्याच्या अंगणात यायचा आणि मग दवाखान्यात, बहुतेक वेळा उशिराच.

"धनराज, गाडी काढ!" त्याची बायको सोनीबाई शेजारच्या पोराला ओरडली.

"मी नाई येत दवाखान्यात," पोचू पाय धरून म्हणाला. "लोकं काय म्हणतीन?"

"थे आयकाले तुमी जित्ते राह्याले तं पायजे! नाईतं घाला मंत्र सोतावर."

मंत्र स्वतःवर चालत नाही, दुसऱ्याने घालावा लागतो, हा नियम पोचूनेच गावाला शिकवला होता. दुसरा जाणता म्हणजे पलीकडच्या टोल्यावरचा, शेजारच्या वाडीतला जंगू. कोंबड्यांच्या झुंजीवरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"जंगूले बलावू?"

"त्याच्यापरस नाग बरा."

"मंग बसा गाडीवर."

पोचूने तोंड झाकायला घोंगडं घेतलं. सोनीबाई मागे बसून त्याला आवळून धरत होती. चिखलाच्या रस्त्यात त्याची मान तिच्या खांद्यावर कलली, पापण्या मिटायला लागल्या.

"डोये उघडा! उघडा म्हणतो ना!" सोनीबाई ओरडली.

दवाखान्याच्या ओसरीत तापाचे पेशंट दाटीने बसले होते. उतरताना घोंगडं घसरलं.

"अरे, पुजारीभाऊ! तुमी इथी काऊन?" एका पेशंटने विचारलं.

पोचूची जीभ जड पडली होती.

"इंजेक्शनात मंत्राचा जोर भराले आले," सोनीबाई म्हणाली आणि त्याला आत ढकललं.

रूही सिस्टरने डॉक्टरांना हाक मारली, सलाईन लावलं. तेव्हा कुठे सोनीबाईने सिस्टरचा हात धरला. "वाचंन ना, बाई?"

"वेळेवर आणलं तुम्ही. धीर धरा."

संध्याकाळी पोचूच्या पापण्या उचलल्या. पहिला प्रश्न, "कोणी पाह्यलं का?"

"साऱ्या गावानं," सोनीबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

दिवाळीआधी धान कापताना गावातल्या रंभाला साप चावला. सवयीने लोकांनी तिला पोचूच्याच अंगणात आणलं. पोचूने धागा बांधला, सिस्टरने बजावल्याप्रमाणे अगदी सैल, आणि ओठ हलवले.

"मंत्र सुरू झाला," तो म्हणाला. "पण थो दवाखान्यात जाऊनच पुरा होते. धनराज, गाडी!"

चुलीपासून सोनीबाई ओरडली, "आन् यायले, पुजाऱ्याले बी बसव रे मांगं. इंजेक्शनात जोर कोण भरंन?"